पुणतांब्याच्या फलाटावरचं ‘अहो’

पेरूचा वास आला की माझ्या कानात इंजिनाची शिट्टी वाजते. परवा या नव्या खोलीत पेरू कापला आणि मी थेट लढाईच्या दिवसांतल्या पुणतांब्याच्या फलाटावर! वडील रेल्वेत, त्यांची पुन्हा बदली झालेली. मी गाडीत चढलो होतो. लहानपणापासून मला ‘ए दगड्या’ म्हणणारी शेजारची सुगंधा पेरूंची पिशवी घेऊन धावत आली नि ओरडली, “अहो, पिशवी राहिली की!”

अख्खा फलाट वळून बघू लागला. तिची मैत्रीण म्हणाली, “अगं बया, अहो? लगीन कवा झालं गं?”

सुगंधाचे गाल असे पेटले, की कोळशाशिवाय इंजिन दौंडला पोचलं असतं. “चुकून म्हणालीस का?” असं मी तिला विचारणार, तोच गाडी हलली.

पुढे गावं बदलली, खोल्या बदलल्या. शंभर प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. प्रकाशक बावीस म्हणतो, पण तो मुळातच कंजूष. प्रत्येक नायिकेला मी ते ‘अहो’ दिलं. मला मात्र पुन्हा कुणी म्हणालं नाही.

परवा पेरू खाताना बाहेरून हाक आली, “अहो!” फोड हातात घेऊनच मी दाराकडे धावलो.

शेजारीण नवऱ्याला बोलावत होती. माझ्याकडे बघून थबकली.

“काही नाही,” मी म्हणालो, “थोडं मीठ मिळेल का?”