कवी चुकला तो तास

दहावीच्या त्या वर्गाला मी वर्षभर शिव्याच घालत आले, अर्थात मनातल्या मनात. कवितेवर काही विचारलं की सगळे माना खाली घालून बाकावर कोरलेली नावं वाचत बसायचे. फारच मागे लागले तर एखादा गाईडमधलं उत्तर घडाघडा म्हणून मोकळा व्हायचा. हीच पोरं मधल्या सुट्टीत पार तारकर्लीपर्यंत ऐकू जाईल असा गलका करायची. शेवटी एक दिवस वैतागून म्हटलं, प्रमाण भाषा राहू दे बाजूला, मालवणीत बोला, पण बोला.

खरं सांगायचं तर माझा जीव अडकला होता तो एकाच मुलीत. खिडकीकडच्या बाकावर बसायची. त्या पावसाळ्यात तिची आई वारली. आजारी म्हणून गोव्याच्या इस्पितळात नेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून ही वर्गात ‘हजर’ एवढंच म्हणायची. स्टाफरूममध्ये सगळे मला सांगायचे, तिच्या कलाने घ्या, उगाच खोदू नका. मला ते पटत नव्हतं. पोर आतल्या आत कुढून जाईल, अशी धास्तीच बसली होती मला.

त्या दिवशीच्या कवितेत एक माणूस पोटापाण्यासाठी घर सोडतो. उंबऱ्यावर बायकोला ‘जातो’ म्हणतो आणि चालू लागतो. कसं वाटलं, विचारलं. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला की हे चूक आहे, घरातून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? आणि मग वर्ग जो सुटला! एकाचे वडील होडी घेऊन समुद्रात जातात. तो म्हणाला, आमच्याकडे निघताना कोणी ‘जातंय’ म्हटलं तर आजी उलथनं फेकून मारील. ‘येतंय’ म्हणायचं, नाहीतर गपचूप निघायचं. एका मुलीचं म्हणणं पडलं की कवितेतला माणूस भांडून निघाला असेल. तिला बाकीच्यांनी बोलूच दिलं नाही. ‘कवी घाटावरचो असतलो’, असा निकाल कोणीतरी दिला आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. कवितेच्या तासाला अशी जुंपलेली मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात ती उभी राहिली. मी सगळ्यांना गप्प केलं.

“बाई, कवितेतलो तो माणूस बरोबर बोललो,” ती म्हणाली. “माझी आई ‘येतंय’ म्हणान गेली. बाबा अजून रात्री दाराक कडी लावणत नाय.”

जिला बोलतं करायला मी एवढा आटापिटा केला ती बोलली, आणि मला ते ऐकवेना. काहीतरी म्हणणं तर भाग होतं. तिच्याजवळ गेले, म्हटलं, तुझ्या आईला परत यायचंच होतं गो, आपण बऱ्या होऊ असंच तिला वाटत होतं, म्हणून ती तसं म्हणाली. ती डोळे पुसेल, निदान मान हलवेल, असं मला वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. मलाच समजावून सांगावं तशी हळू आवाजात म्हणाली,

“नाय बाई. तिका ठावक होता. आदल्या दिसाक तिना माका पेज करूक शिकवल्यान, आणि बाबांचा औषध खंय ठेवलेला आसा ता दाखवल्यान.”