तौसिफची परात

तौसिफचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे, आणि त्यात त्याचा दोष कमी, नोकरीचा जास्त. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये तो धरमकाट्यावर बसायचा. कापसाची गाडी भरून आली की तिचं वजन घ्यायचं, कापूस उतरला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, आणि दोन्हींतला फरक तो खरा माल. शेतकरी शपथा घेवो की व्यापारी डोळे वटारो, काट्यावरचे आकडे नाचायचे थांबल्याशिवाय तौसिफ पावती फाडत नसे. "काटा थांबू द्या," हे त्याचं पालुपद. घरीही तीच तऱ्हा. बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडीसुद्धा तो तळहातावर दोनदा तोलून बघायचा, आणि मुबीना, त्याची बायको, तोंड फिरवून हसायची.

घर बुलढाण्यात, नोकरी मलकापुरात, आणि मधे राजूरचा घाट. आपल्या छोट्या राखाडी गाडीतून तो रोज सकाळी घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. पाठ झालेली कविता पोरं जशी घाईघाईत म्हणून टाकतात, तसा तो हा घाट उरकायचा. कधी मुबीना सोबत असली, तर ती दरवाजावरची मूठ गच्च धरून बसे आणि शेवटचं वळण सरेपर्यंत तिचे ओठ हलत राहत. ती दुआ पुटपुटते हे तौसिफला माहीत होतं. सवय आहे तिची, असं तो समजायचा. नवऱ्यांना अशा गोष्टी फार सोयीनं समजतात.

मुबीना घरच्या घरी केक करायची. हाताला चव होती, बोटांत कसब होतं, आणि नवरा रोज मलकापूरला जातोच म्हटल्यावर तिकडच्याही ऑर्डरी येऊ लागल्या होत्या. सगळं छान चाललं होतं. मग वामनरावांच्या नातीचा, प्रेरणाचा वाढदिवस आला.

वामनराव म्हणजे मलकापूरकडचे मोठे कापूसवाले शेतकरी. तौसिफनं घाटातून त्यांच्या घरी पोचवलेला दोन मजली केक खोक्यातून बाहेर काढला, तेव्हा वरचा मजला खालच्याच्या कडेला असा टेकला होता, की एसटीत खिडकीशी पेंगणारं माणूस बरं. वामनरावांच्या पत्नी झुंबरबाई मनानं मोठ्या. त्यांनी दिवाणावरची उशी आणली, डाव्या अंगानं केकला लावली आणि फोटो काढून घेतला. "चवीले एक नंबर हाय व माय," असा मुबीनाला फोनही केला. पण तो फोटो उशीसकट सगळ्या मलकापुरात फिरला, आणि ठरलेल्या ऑर्डरी एकेक करून गळायला लागल्या.

"तुमी घाटात जरा हळू चालवत जा," मुबीना म्हणाली.

"मी हळूच चालवतो. गाडीच कलते, त्याले मी काय करू?"

स्वतःच्या हाताला दोष देण्यापेक्षा लोखंडाला देणं केव्हाही सोपं. तौसिफनं मोबाइलवर शोधायला सुरुवात केली आणि त्याला मागच्या स्वे बारचा शोध लागला. गाडीच्या पोटाखाली मागची दोन्ही चाकं एकमेकांशी बांधणारा हा पोलादी दांडा. वळणावर गाडी एका अंगाला झुकू लागली की तो पीळ खातो आणि तिला सावरून धरतो. बारीक दांडा धरतो, पण हलका. जाड दांडा घट्ट धरतो, पण मग एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही कळवतो, आणि ओल्या रस्त्यावर जोरात वळलं तर गाडीची शेपूट घसरायची भीती. रोजच्या वापराच्या गाडीला कोणता घ्यावा, यावर लोकांनी मोबाइलवर एवढी भांडणं केली होती, की तौसिफला वाटलं, आपणच राहिलो होतो.

चिखली रोडवर रहेमतुल्ला चाचांचं गॅरेज होतं. त्यांनी ओळखीनं अकोल्याहून दोन बार मागवून घेतले, एक सोळा मिलिमीटर जाडीचा आणि एक एकोणीसचा, आणि खुंटीला टांगून ठेवले. जो पसंत पडेल तो बसवायचा, दुसरा परत. तौसिफ रोज कामावरून येताना गॅरेजात डोकावू लागला. सोमवारी त्याला सोळा पटायचा, मंगळवारी एकोणीस. बुधवारी तो दोन्ही हातांत धरून तोलत उभा राहायचा.

"लग्नाले पोरगी पाहून राह्यला का बे?" एकदा चाचा वैतागून म्हणाले. "एवढ्या दिसात ते पोरगीबी दोन लेकरांची माय झाली असती."

"चाचा, आधी गाडी किती कलते ते मोजाव लागन ना. नाई तं बार लावल्यावर फरक किती पडला, हे कसं समजन?"

"तुले काऊन मोजाव लागते? वळणावर डोकं काचेले लागलं का समज, कलली."

पण भरल्या गाडीचं वजन घेतल्याशिवाय रिकामीचं घेण्यात काही अर्थ नसतो, हे तौसिफच्या रक्तात होतं. त्यानं मुबीनाची कणीक मळायची परात उचलली. मागच्या सीटवर फळी आडवी टाकली, तिच्यावर पांढरा टॉवेल अंथरला, टॉवेलवर परात ठेवली, आणि परातीत केकमध्ये घालायचा लाल रंग कालवून काठापर्यंत पाणी भरलं. घाट उतरल्यावर टॉवेल जेवढा लाल, तेवढी गाडी कललेली. काट्यावरच्या माणसालाच सुचावं असं हे यंत्र होतं.

पहिल्या दिवशी टॉवेल तर लाल झालाच, सीटही झाली. मुबीनानं सीटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि ब्रश आणि साबण त्याच्या हातात दिला. रात्रीच्या जेवणापर्यंत तो घासत होता. दुसऱ्या दिवशी पाणी थोडं कमी सांडलं. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. आठवडा उलटला, तरी आकडा काही ठरेना, रोज खालीच चालला. तौसिफ बेचैन झाला. त्यानं टायरची हवा तपासली, पेट्रोल किती आहे ते पाहिलं, घाटात नवीन डांबर पडलं का म्हणून लोकांना विचारलं. काटा नाचतो आहे तोवर पावती कशी फाडणार?

खरी गोष्ट सगळ्या आळीला कळली असती, पण त्याला कळली नाही. ज्यानं एकदा हातानं सीट घासली आहे, त्याचा पाय वळणाआधीच आपोआप सैल पडतो. पायानं हे डोक्याला सांगितलं नव्हतं, एवढंच. एकदा तर कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर भर घाटात त्याला मागे टाकून गेला, आणि तौसिफ आपला एकोणीसच्या बारचा विचार करत मजेत उतरत राहिला.

दोरीवर लाल डागांचे टॉवेल वाळत पडलेले पाहून शेजारच्या जनकाबाईंना राहवलं नाही. "कोणाले लागलं बिगलं का व?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"नाई मावशी," मुबीना म्हणाली. "आमचे हे गाडीचं वजन करून राह्यले."

अशात झुंबरबाईंचा पुन्हा फोन आला. वामनरावांची पंच्याहत्तरी होती. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरलं होतं, आणि केक मुबीनाच्याच हातचा हवा होता. तीन मजली, आणि वर साखरेचं उमललेलं कापसाचं बोंड. फोन ठेवून मुबीना ओट्याला टेकली.

"पडला केक तं झुंबरबाई हासून घेतील," ती म्हणाली. "पण मी मलकापूरचं काम बंद करून टाकीन. दुसऱ्यांदा उशी नाई पाह्यल्या जाणार मले."

ती चिडून म्हणाली असती तर तौसिफनं वाद घातला असता. ती शांतपणे म्हणाली, आणि ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो थेट गॅरेजवर गेला.

"चाचा, आजच बसवून टाका."

"कोणता?"

तौसिफनं खुंटीकडे पाहिलं. "सोळा. पण कमी पडला तं?"

"मंग एकोणीस लाव."

"अन् घाटाखाली मोताळ्याच्या अलीकडच्या खड्ड्यात गाडी उसळली तं? बोंडच खाली येईन."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला, हात धुतले आणि ते नमाजाला निघून गेले. दोन्ही बार खुंटीवरच राहिले.

केक न्यायचा दिवस उजाडला, तेव्हा तौसिफला बायकोच्या नजरेला नजर देववेना. महिनाभर गाजावाजा करून त्यानं गाडीला एक बोल्टसुद्धा लावला नव्हता. त्याला मनापासून शरम वाटली, आणि ती त्यानं कबूलही केली.

"बार नाई बसवला मी. ठरलंच नाई."

मुबीनानं कपाळाला हात लावला नाही, हे विशेष. "मंग मी येतो मागं बसून," ती म्हणाली. वऱ्हाडातली बाई 'येतो'च म्हणते. "एका हातानं खोकं धरतो, एका हातानं मूठ."

परातीच्या फळीवर आज केकचं खोकं होतं. घाट सुरू झाला. तौसिफचा पाय आधीच सैल झाला, हात सावकाश वळले. काठोकाठ लाल पाणी भरलेली परात मागे आहे, असंच त्याच्या अंगाला वाटत होतं. पहिल्या दोन वळणांवर मागून दुआ ऐकू आली. मग ती थांबली. रागावली असेल, श्वास रोखून बसली असेल, असं त्याला वाटलं. सरळ रस्ता लागल्यावर त्यानं भीतभीत आरशात पाहिलं.

दरवाजावरची मूठ मोकळी होती. मुबीनाचा एक हात खोक्यावर होता, दुसरा मांडीवर पडला होता. डोकं काचेला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून ती झोपली होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दमून-भागून ती कितीदा या गाडीत बसली असेल, पण या घाटात तिचा डोळा कधी लागला नव्हता. सवय नव्हती ती. भीती होती, आणि आपल्यामुळे होती. पुढे म्हशी आडव्या आल्या, तरी तौसिफनं हॉर्न वाजवला नाही. त्या जाईपर्यंत थांबून राहिला.

मोताळा जवळ आल्यावर मुबीना दचकून उठली, आणि आधी तिनं खोकं चाचपलं.

"घाट कवा येते?" तिनं विचारलं.

"गेला," तौसिफ म्हणाला.

ती मागे वळून बघत राहिली.

वामनरावांच्या दारात झुंबरबाई काखेत उशी घेऊनच उभ्या होत्या. खोकं उघडलं. तिन्ही मजले ताठ, बोंडाची पाकळीसुद्धा हललेली नाही. झुंबरबाईंनी केकभोवती एक फेरी मारली, मग उशी वामनरावांच्या हातात दिली. "घ्या, आता तुमीच टेका," त्या म्हणाल्या, आणि दिवे लावायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तौसिफ गॅरेजवर आला, तेव्हा चाचा कुणाच्या तरी गाडीखाली आडवे झाले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "मंग? सोळा का एकोणीस?"

"चाचा," तौसिफ म्हणाला, "काल मुबीना झोपली व्हती घाटात."

चाचा गाडीखालून बाहेर आले. त्यांच्या स्वतःच्या संसाराला चाळीस वर्षं होत आली होती. त्यांनी तौसिफच्या तोंडाकडे नीट पाहिलं, खुंटीवरचे दोन्ही बार काढले, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि अकोल्याला परत धाडायच्या सामानात ठेवून दिले.