उभी वळकटी

"कशावरून?" हा त्यांचा पहिला शब्द असे आणि पुष्कळदा शेवटचाही. दूधवाला म्हणाला, दूध गाईचं आहे, की ते नखावर थेंब धरत आणि विचारत, "कशावरून?" एकदा मी म्हणालो, आज रविवार, तर तेही त्यांनी आत जाऊन कॅलेंडरात पाहून घेतलं.

पंचवटीत आमची घरं समोरासमोर. मी शाळेत शिक्षक, ते सरकारी कचेरीत. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणे. ते दिसले की भाजीवाल्या न सांगताच पारडी उलटी करून दाखवत, इतका त्यांचा दरारा. तुमच्याही शेजारी असा एखादा संशयात्मा असेलच. नसला, तर तुम्हीच असाल; घरच्यांना विचारून पाहा.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला नाना निवृत्त झाले आणि त्यांनी थेट स्वतःच्या वडिलांचीच चौकशी सुरू केली. वडील तेव्हा हयात नव्हते.

वडील दिंडोरीकडच्या खेड्यातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नाना लहान असताना, घरातून पळाले, काही वर्षांनी परत आले आणि म्हणाले, मी लढाऊ जहाजावर होतो. गावात समुद्र कुणी पाहिला नव्हता. लोक म्हणत, "कशाचं जहाज? जेलात होता तो. लय बाता मारतो."

त्यात वडिलांची एक तऱ्हा होती. सगळं गाव गोधड्यांच्या घड्या घालून एकावर एक रचतं. हे मात्र सकाळी उठल्याबरोबर आपलं अंथरूण लांबच्या लांब गुंडाळत, त्याला दोरीचे सारख्या अंतरावर विळखे घालत, प्रत्येक विळखा गुडघ्यानं दाबून आवळत आणि ती लाकडासारखी टणक वळकटी कोपऱ्यात उभी करत. कुणी ती जराशी सैल केली तरी भडकत. गावाला आयता पुरावाच मिळाला. अशी शिस्त जेलातच लावतात, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"मी आठवीत होतो, सर," नाना मला ओट्यावर बसून सांगत होते. "पोरांनी चिडवलं म्हणून तणतणत घरी आलो. वडील नेमके शेजाऱ्याला जहाजाचं सांगत होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, कशावरून? त्यांनी पुन्हा कधी जहाजाचा विषय काढला नाही."

"जहाजाचं नाव काय होतं?"

"सांगितलं होतं त्या दिवशी. मी ऐकलंच नाही. खोट्याचं नाव कोण लक्षात ठेवतं?"

आता तेच नाव त्यांना हवं होतं. नौदलाच्या खात्याला त्यांनी पत्रं पाठवली. एवढ्या माहितीवर काही सापडत नाही, जहाजाचं नाव कळवा, असं उत्तर आलं. बाप खरा होता की खोटा, एवढंच त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं.

मग देवळाली, नाशिकरोड इथले म्हातारे नौसैनिक शोधणं सुरू झालं. इथेही नानांचा स्वभाव आडवा आला. ते मुद्दाम खोटं सांगत, "आमचे वडील एका डोळ्यानं अधू होते." म्हातारा म्हणे, "आठवतात की! पण नेम काय पक्का!" वडिलांचे दोन्ही डोळे धडधाकट होते. नाना चहा अर्धा टाकून उठत. ती माणसं बिचारी नानांना बरं वाटावं म्हणून हो म्हणत असावीत, असं मी सुचवलं, तर मलाच विचारलं, "कशावरून?"

शेवटी एक कोकणातले आजोबा भेटले. लेकीकडे नाशिकरोडला राहायचे. युद्धात जहाजावर होते. ते प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणाले. वडिलांना ओळखत नाहीत, नाव ऐकलेलं नाही, अधू डोळ्याचा माणूस पाहिलेला नाही. घरी परतल्यावर नाना मला खुशीत म्हणाले, "हा माणूस खरा आहे."

पुढच्या आठवड्यात ते पिशवीत गोधडी आणि दोरी घेऊन निघाले आणि मलाही ओढून नेलं. "मी एकट्यानं पाहिलं तर उद्या माझाच विश्वास बसणार नाही." आजोबांपुढे गोधडी टाकून एवढंच म्हणाले, "जहाजावर अंथरूण कसं बांधायचात ते दाखवता?"

आजोबा खुर्चीतून खाली बसले. गोधडी लांब गुंडाळली. एकेक विळखा गुडघ्यानं दाबून आवळला. दोरी एकदाही चुकली नाही. मग न विचारता उठले आणि वळकटी कोपऱ्यात उभी केली.

"उभी का?" नानांनी विचारलं.

"तशीच ठेवायची. आम्ही टांगलेल्या झोळीत झोपायचो. सकाळी ती बांधून उभी करायची. बोट बुडालीच तर हिला मिठी मारून पाण्यात उडी टाकायची. घट्ट असली तर घटकाभर तरंगते. सैल असली तर पाणी शिरतं, मग संपलं."

मी "कशावरून?" ची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही.

परतताना रिक्षात पिशवी मांडीवर धरून नाना रडले. रिक्षावाला आरशातून पाहत होता, त्याचीही त्यांना फिकीर नव्हती. "आमच्या गावची विहीर उन्हाळ्यात आटते, सर. आणि माझा बाप तिथे रोज सकाळी बुडायच्या तयारीनं उठायचा. मी त्याला खोटारडा ठरवला."

संशय संसर्गजन्य असावा. जेलात एखादा खलाशी भेटला असेल, त्यानं शिकवलं असेल, असं माझ्या डोक्यात येऊन गेलं. पण नानांकडे पाहून मी तोंड मिटून बसलो. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

जहाजाचं नाव कधीच सापडलं नाही. भाजीवाल्यांची सुटकाही झाली नाही. नाना पारडी तपासतच राहिले. काही वर्षांनी ते थोड्याशा आजारानं गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी खालीच बसल्या होत्या. मागच्या कोपऱ्यात नानांचं अंथरूण गुंडाळून, आवळून उभं होतं. रिक्षातल्या त्या दिवसापासून ते स्वतः बांधायचे म्हणे. दवाखान्यात जायच्या सकाळीही बांधून गेले.

"नात विचारत होती, आजोबा असं का बांधायचे," वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलं, तुझे पणजोबा लढाऊ जहाजावर होते. तर म्हणते कशी, कशावरून?"

"मग?"

वहिनींनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.