भिशी आणि दुकानाचा क्यूआर

चामराजपेटेत मी राहतो त्या घराच्या तळमजल्यावर अक्कांचं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. दोन मशिनं, दोन कारागीर. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी, दुकानात कन्नड. मी पुण्याहून आलेला भाडेकरू.

अक्का वीस बायकांची भिशी चालवत. दरमहा प्रत्येकीचे दहा हजार, आणि पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम. नोटा मोजण्यात त्यांची अख्खी दुपार जायची. मीच सुचवलं की बायकांनी दुकानाच्या क्यूआरवर पैसे पाठवावेत. नोंद आपोआप राहील.

नोंद राहिली. कर खात्याची नोटीस आली तेव्हा तीत लिहिलं होतं : वर्षभरात खात्यात चौतीस लाख जमा. ही विक्री धरून जीएसटी का आकारू नये, ते सात दिवसांत कळवा.

यातले दहा लाख शिलाईचे, चोवीस लाख भिशीचे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर कर लागत नाही. सीएने उपाय सांगितला : प्रत्येक बाईने पैसे भिशीचे असल्याचं सहीचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट द्यावं. बारा जणींनी दिलं, तर विक्री वीस लाखांच्या आत येऊन अक्का सुटतील. नाहीतर कर, व्याज आणि दंड. त्यासाठी एक मशीन विकावं लागणार होतं आणि एक कारागीर कमी करावा लागणार होता.

चौथ्या दिवसापर्यंत नऊ पत्रं आली. मग थांबली.

पाचव्या दिवशी भिशीतल्या एक शिक्षिका आल्या. बसल्या नाहीत.

"अक्का, स्टेटमेंट घरच्या पत्त्यावर येतं. माझा पगार किती, ते नवऱ्याला माहीत नाही."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

एक कारागीर हसला. "टीचर, तुम्हीच सीए व्हायला हवं होतं."

"तू काज कर," अक्का म्हणाल्या.

त्या रात्री मी भिशीच्या मोबाइल ग्रुपमधली नोंद छापून काढली. वीसही नावं, महिने, रकमा. सीए म्हणाला की एवढं पुरेल. मात्र कर खातं खात्री करायला उरलेल्या अकरा जणींना घरी पत्रं पाठवील. ते मी अक्कांना सांगितलं. त्यांनी पानं फाइलमध्ये लावली.

सातव्या दिवशी आम्ही रिक्षाने कर कार्यालयात गेलो. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "पत्र पोस्टाने येतं की माणूस येतो?"

"पोस्टाने."

"म्हणजे घरात जो असेल तो उघडणार."

अधिकाऱ्यासमोर त्यांनी फाइल ठेवली. त्याने नऊ पत्रं मोजली आणि फाइल पुन्हा उलटून पाहिली. छापलेली पानं तीत नव्हती. अक्कांच्या मांडीवरच्या पिशवीतून त्या पानांचा कोपरा बाहेर आला होता.

"एवढंच?"

"एवढंच, सार. बाकी माझी विक्री धरा."

मी बोलू लागलो.

"अण्णा, स्वल्प गप्प बसा."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नीट विचार करून सांगताय ना? सही केल्यावर बदलता येणार नाही."

"सरी, चालेल."

त्याने हिशेब केला आणि कागद आमच्याकडे फिरवला. अक्कांनी चष्मा लावून आकडा वाचला, तो मनाशी कन्नडमध्ये एकदा म्हटला, आणि विचारलं,

"हप्ते मिळतील का?"