मूर्तीच्या खांद्यामागचा कॅमेरा

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात मी लिहिले होते की, ठोसर सरांची आणि माझी पहिली भेट रोह्याला आमच्या फोटो स्टुडिओत झाली. ते चुकीचे आहे. बाबांनी वाचताक्षणीच सांगितले, "अगं, जोह्याला झाली. थर्माकोल धरून तूच उभी होतीस!" सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात तरी ती चूक राहू नये. आधीच मला एक धास्ती आहे. सरांनी आपला अर्धा झालेला मिठागराचा लघुपट पुरा करायला माझ्याकडे दिला आहे, आणि तो बिघडेल या भीतीने मी अजून कॅमेरा उचललेला नाही.

जोह्याच्या गणपती कारखान्यात सर लघुपट करत होते. बाबा फोटो काढायला गेले होते आणि मी उजेड वळवायला थर्माकोल धरला होता. कारागीर हरीदादा मूर्तीचे डोळे आखणार होते. सरांनी मला विचारले, "तू कॅमेरा कुठे लावशील?"

"समोर. मूर्तीचा चेहरा पूर्ण आला पाहिजे." घरी मी हेच शिकले होते.

"मग हरीभाऊंची नुसती पाठ दिसेल."

सरांनी कॅमेरा मूर्तीच्या खांद्यामागे, तिच्या नजरेच्या उंचीवर लावला. कडेला मूर्तीचा कान, समोर हरीदादांचा चेहरा.

"माजा थोबाड कशाला काढताव, सर? बाप्पाचा काढा, त्यो चांगला दिसतो!"

"बाप्पा डोळे उघडतील तेव्हा समोर कोण असेल? तुम्हीच ना?"

हरीदादांनी कुंचला उचलला. श्वास रोखून त्यांनी रेघ ओढली. सरांनी ना झूम केला, ना कॅमेरा हलवला. पुढे कारखान्यातच टीव्हीवर लघुपट दाखवला, तेव्हा हरीदादांच्या पत्नी शेजारणीला म्हणाल्या, "बग गो, कसा दम धरलाय! घरात कवा इतका गप नसतो." कामाला दाराकडे पाठ करून बसणाऱ्या नवऱ्याचा तो चेहरा त्यांनी प्रथमच पाहिला होता.

नंतर मी सरांकडे शिकू लागले. पेणच्या एका लग्नात मुलीकडच्यांनी नाक मुरडले, "पोरगी शूटिंग करणार? दुसरा कोन नाय काय?" सरांनी कॅमेरा माझ्याकडे दिला, माझ्या हातातला लाईट घेतला आणि वायर सांभाळत दिवसभर माझ्यामागून फिरले. जेवताना कुणीतरी चिडवले, "सर, तुम्ही आता लाईटवाले?" सर म्हणाले, "आज कॅमेरामन या आहेत. आधी त्यांना वाढा."

आता गुडघ्यांमुळे सरांना मिठागराच्या बांधांवरून चालवत नाही. माझी भीती मी सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "माझ्यासारखं काढू नकोस. मीठ ओढताना त्या बायकांना काय दिसतं ते बघ, आणि कॅमेरा तिकडे वळव."

सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे लवकर बरे होवोत. रविवारी पेणला त्यांचा सत्कार आहे. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी मिठागरात चित्रीकरण सुरू करणार आहे.