साडूभाऊंचं वाळवंट

आमच्या थोरल्या साडूंइतका सायकलीवर जीव टाकणारा आणि सायकल चालवणाऱ्यांवर इतका कमी भरवसा ठेवणारा माणूस भंडारा जिल्ह्यात झाला नसेल. गोंदिया वेगळा होण्याआधीचा अख्खा जिल्हा धरला तरी माझं मत बदलणार नाही. पवनीत ते नोकरीतून निवृत्त झाले आणि आठवड्याभरात नागपूरहून जाड चाकांची गिअरची सायकल घेऊन आले. माझी मेहुणी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच सायकलीला हळदकुंकू लावलं.

उन्हाळ्यात वैनगंगा आटली की लांबच लांब वाळवंट उघडं पडे. तिथे नवशिक्यांना न्यायचं काम भाऊजींनी आपणहून अंगावर घेतलं. पण वाट निवडायला ते इतका वेळ लावत, की तोवर नवशिका मुरून जाई. आधी वाट अनवाणी चालायची, टाचेनं वाळू दाबून पाहायची. पाण्याकाठची ओली, घट्ट वाळू नव्यांसाठी. मधूनमधून भुसभुशीत पट्टे असलेली वाट थोड्या सरावलेल्यांसाठी. "आन् खडकाची वाट कोणासाठी?" असं कुणी विचारलं, की म्हणत, "ज्याच्या घरच्याईले तो नको झाला, त्याच्यासाठी." एकदा बाभळीचा एक काटा सापडला म्हणून त्यांनी सगळी वाट रद्द केली आणि आम्हा पाच जणांना पोहे खाऊ घालून परत पाठवलं.

मी शाळामास्तर, पन्नाशीत सायकल शिकलेला. दोन उन्हाळे मला ओल्या वाळूवरच ठेवलं. तिसऱ्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी भुसभुशीत पट्ट्यांची वाट चालून पाहिली, काड्या रोवल्या. रविवारी सकाळी चाकांतली हवा थोडी सोडून म्हणाले, "मास्तर, वाळूत ब्रेक मारू नोका. काड्याईच्या मधून जा, बस."

मी काड्यांच्या मधूनच गेलो. रात्रीतून कुणीतरी ट्रॅक्टर घालून तिथली वाळू उपसली होती. कडेची सैल वाळू ढासळून खड्डा भरल्यासारखा झाला होता, वरून दिसत नव्हता. चाक रुतलं, मी हँडलवरून पुढे फेकला गेलो आणि खांद्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात भाऊजी माझ्या पायाशी बसून राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, खड्डा तुम्ही थोडाच खणला?"

"वाट त मीच निवडली ना," ते म्हणाले. "सकाडी पुन्हा चालून पाहाले पायजे होती. आळस केला मी."

त्यानंतर ते सायकलीवर बसले नाहीत. दीड महिना रोज माझ्यासाठी डबा घेऊन येत, जेवण होईस्तोवर थांबत आणि सायकलीचा विषय निघाला की उठून जात.

पुढच्या उन्हाळ्यात मी हट्टानं सायकल काढली. "तुम्ही वाट दाखवली नाही तर मी एकटा जाईन," असं धमकावलं. ते नुसते सोबत नदीवर आले. मी निघालो. बऱ्याच वेळानं मागे वळून पाहिलं, तर चढत्या उन्हात, चपला हातात घेऊन, माझ्या चाकोरीतून ते चालत येत होते. मी थांबलो.

"थांबू नोका!" ते लांबून ओरडले. "मी येऊन राहिलो ना मांगं!"

त्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच.

वाळवंटात मी अजूनही जातो. आता आधी वाट चालून पाहतो, मग सायकल काढतो. चालताना बरं वाटतं. सायकलीवर बसलो, की काही केल्या मागे वळून बघायचं धाडस होत नाही.