आंबीच्या माळावरचं विमान आणि माझा पायजमा

लढाई संपल्यावर पलटणीनं आंबीच्या माळावरून विमानं नेली, तंबू नेले, पाण्याचे नळसुद्धा उपटून नेले. मागे फक्त मला ठेवलं. मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला (पाचवीनं मला दोनदा परत पाठवलं!), म्हणून त्या ओसाड विमानतळाचा रखवालदार झालो. काम सोपं होतं. धावपट्टीवर म्हशी येऊ द्यायच्या नाहीत. म्हशी येत होत्या.

पण आईनं गावोगाव सांगून ठेवलं, "आमचा पांडू इमानांचा सायेब हाय!" ते ऐकून मळवलीच्या दगडूआबांनी आपल्या सगुणासाठी मला पाहायला येतो, असा निरोप धाडला. वर हेही कळवलं, "आमी घर न्हाई बघणार. इमानतळ बघणार."

आता प्रश्न कपड्यांचा. कापड तेव्हा रेशनवर मिळायचं, म्हणजे बहुधा मिळायचं नाही. माझ्या एकुलत्या एका पायजम्यात कापडापेक्षा भोकं जास्त. तेवढ्यात आईची नजर माळावरच्या खांबाकडे गेली. त्या खांबावर जाड पिवळ्या कापडाची एक लांब पिशवी लोंबत असे. दोन्ही तोंडं उघडी. एक रुंद, दुसरं निमुळतं. वारा शिरला की ती फुगून आडवी व्हायची आणि वरून वैमानिकाला वाऱ्याची दिशा कळायची.

"लडाई संपली. आता कोन बगतंय तिच्याकडं?" असं म्हणून आईनं ती उतरवून घेतली, मधोमध कापली आणि पायजमा शिवला. रुंद अर्ध्याचा डावा पाय, निमुळत्या अर्ध्याचा उजवा. डाव्यात पायलीभर भात सहज मावला असता. उजव्यात माझाच पाय मावेना.

"आये, ह्ये पाय सारकं न्हाईत!"

"तुजं तरी काय सारकं हाय? सरळ हुबा ऱ्हा."

ठरल्या दिवशी दगडूआबा, त्यांची बायको आणि सगुणा बैलगाडीतून माळावर उतरले. मी रिकाम्या पेट्रोलच्या पिंपाला टेकून, उजवा पाय डाव्या पायामागे लपवून, साहेबासारखा उभा होतो; शेजारी आई. आबांनी माळाला एक रामराम घातला आणि विचारलं, "इमान कुटं हाय?"

"येतंय," मी म्हणालो. (थापच होती!)

इतक्यात तळेगावकडून धुरळा उडवत एक मोटार आली. आतून हॅटवाले गृहस्थ उतरले. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचे. हा विमानतळ आता साध्या उतारूंसाठी उघडायचा होता. लोणावळ्याला बंगले असलेले शेठलोक इथं उतरणार होते. आणि जागा पसंत करायला कंपनीचे मालक खुद्द विमानातून निघाले होते.

"तुम्हाला कळवलं नाही?" त्यांनी विचारलं. कळवलं नव्हतं. "बरं, मोजा कुठे आहे?"

(वाऱ्याच्या पिशवीला ते लोक मोजा म्हणतात, हे मला काय माहीत!)

"सायेब, आमी नुसत्या वहाणाच घालतो."

"अहो, खांबावरचा मोजा!"

आम्ही सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. खांब उघडा होता. आणि वरून घोंघों आवाज आला.

हॅटवाल्यांना घाम फुटला. "वारा कुठून आहे ते दिसल्याशिवाय ते उतरणार नाहीत. तसेच परत जातील. मग विमानतळ गेला, माझी नोकरी गेली, आणि तुमचीही गेली!"

"नोकरी गेली" म्हटल्याबरोबर आबांनी सगुणाचा हात धरून गाडीकडे तोंड केलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. नेमकं कमरेखाली.

"काढ."

"आये, पाव्हणं हायती!"

"पाव्हण्यांनी तोंड फिरवलंयच की. काढ म्हंते ना!"

मी पिंपामागे गेलो. हॅटवाल्यांनी पायजम्याची कंबर खांबाच्या कडीला बांधली आणि दोरी ओढली. वारा शिरला. डावा पाय टम्म फुगून आडवा झाला, उजवा लाथा झाडू लागला. विमानानं आणखी एक घिरटी घेतली (वैमानिकाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसावा) आणि अलगद उतरलं.

मालक उतरले ते थेट माझ्याकडे. "शाबास! चला, धावपट्टी दाखवा."

सदरा, कोट आणि पिंप एवढाच माझा पोशाख. "सायेब, हितनंच चांगली दिसती."

"नाही, चालत जाऊ."

"पिंप सोडता येत न्हाई, सायेब. पेट्रोलची जोखीम हाय."

मालकांनी पिंपावर टिचकी मारली. ते देवळातल्या घंटेसारखं वाजलं.

तेवढ्यात पिंपावरून काहीतरी माझ्या खांद्यावर पडलं. दगडूआबांनी पलीकडून फेकलेलं त्यांचं पागोटं! मुलीच्या बापानं वरपक्षाच्या पायाशी पागोटं ठेवल्याचं मी ऐकलं होतं. ते नवऱ्यामुलाच्या कमरेपर्यंत चढल्याचं उदाहरण माझंच! तांबडं पागोटं गुंडाळून मी मालकांबरोबर सबंध माळ फिरलो. जागा त्यांना पसंत पडली. "इकडचा पोशाख मोठा मोकळाढाकळा," एवढंच ते जाताना म्हणाले.

विमान उडालं, मोटार गेली. बोडक्या डोक्याचे आबा गाडीत बसले आणि लेकीला म्हणाले, "पोरी, काय ते हितंच सांग. उगं मागनं नको."

सगुणानं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"व्हय म्हना, आबा," ती म्हणाली. "हेच्यापरीस वंगाळ ध्यान बगायचं आता काय ऱ्हायलं न्हाई."

लग्न झालं. तिचा तो अंदाज खोटा ठरवण्यात मी उरलेली हयात घालवली.